पुढचा डोस, कुरुंदवाड

मागच्या खोलीतला फ्रिज थरथरून सुरू झाला.

कुरुंदवाडचं आमच्या ट्रस्टचं लसीकरण केंद्र म्हणजे भाड्याचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत बाकडं, वजनकाटा, माझा लॅपटॉप. मागं स्वयंपाकघर, आणि ओट्याला लागून लसींचा फ्रिज. समोरच्या बाकड्यावर सुवर्णा कोळेकर बसली होती. पंचविशीचीही नसेल. मांडीवर मुलगी, समृद्धी. पाचाला टेकलेली, पण आईच्या मांडीवरून उतरायला तयार नसलेली. सुवर्णानं मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर जुळवत बसले होते.

"न्हाई, म्हणजे," ती पुन्हा म्हणाली, "तुम्ही आता हे लिहिणार. ते कुणाकुणाला दिसतंय?"

"दिसतं सगळ्यांना. पण नाव नाही दिसत. नुसता नंबर दिसतो. नंबरापुढं डोस, तारीख, केंद्र."

"आन नंबर कुणाचा ते?"

"ते फक्त आमच्या पाच केंद्रांना माहीत असतं. बाहेरच्याला कळायचा प्रश्नच नाही."

तिनं सिस्टरांकडं पाहिलं. मार्था साळवे सिस्टर, मिरजेतली सगळी नोकरी संपवून इथं आलेल्या. त्या चमच्यात औषध मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांग त्यांना काय असेल ते. त्या काही तुला खात नाहीत."

मग तिनं थोडं थोडं सांगितलं. सासर जतच्या पलीकडं. पहिली नोंद तिथल्याच आमच्या केंद्रावर झालेली. आता ती मुलीला घेऊन मावशीकडं आली होती, नरसोबाच्या वाडीत कवठाची बर्फी बांधायच्या कामाला लागली होती. तिच्या उजव्या कानाची पाळी खालून चिरलेली होती आणि वेडीवाकडी जुळली होती. सिस्टरांनी ती बघितली, मी बघितली, आणि दोघींनी काही विचारलं नाही.

"मागं एकदा माहेरी गेलते," ती म्हणाली. "मालक आले. मला चल म्हणलेच न्हाईत. पोरीला गाडीवर बसवलं आन गेले. मग मी काय, दुसऱ्या दिशी आपल्या पायानं परत. त्यांना ठाऊक हाय. पोरगी नेली की मी मागनं येते."

"इथं कुणाला माहीत नाही ना?" मी विचारलं.

"मावशीशिवाय कुणाला न्हाई. मोबाईल पण ठेवला न्हाई मी."

"जुनं कार्ड आणलंय?"

"ताई, नेसत्या वस्त्रानिशी आले. कार्ड कुठलं?"

याच क्षणाची मी वर्षभर वाट बघत होते. आईचं नाव, मुलीची जन्मतारीख टाकली. समृद्धीचा नंबर आला, जुन्या कागदांवरून भरलेले जन्मापासूनचे सगळे डोस एकाखाली एक आले. स्क्रीन तिच्याकडं वळवून मी म्हणाले, "बघा. कार्ड हरवू दे, जळू दे. तुमच्या मुलीची नोंद कुठं जात नाही. तोच नंबर, तेच कार्ड, आत्ता नवं छापून देते."

ती पुढं वाकून बघत राहिली. कार्ड छापून आलं, त्यावर 'समृद्धी विलास कोळेकर' होतं. तिनं मधल्या नावावर नखानं एकदा घासलं.

"हे ठेवायलाच लागतं का?"

"वडिलांचं नाव येतंच. पण ते कागदावर. बाहेर जातो तो नुसता नंबर."

"मग हरकत न्हाई," ती म्हणाली.

समृद्धीनं औषध घेतलं, तोंड वाकडं केलं. मी नोंद भरली. अ जीवनसत्त्वाचा शेवटचा डोस. पुढचा डोस, पाच वर्षांचा बूस्टर, पुढच्या महिन्यातला मंगळवार. केंद्र, कुरुंदवाड. तारीख नव्या कार्डावरही लिहिली. बटण दाबलं.

"गेलं साखळीत," मी म्हणाले. "आता ब्रह्मदेव आला तरी पुसता यायचं नाही."

"बरं झालं," सुवर्णा म्हणाली. "पुसापुशी लई बघितली."

निघताना तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं. "कितवा?"

"पाचवा."

पिशवीतून कागदात बांधलेला बर्फीचा तुकडा काढून तिनं माझ्या ओढणीत ठेवला. "अशा बाईला मोकळं पाठवायचं नसतं. घ्या." समृद्धी आईच्या मागून मला बघत होती. मी तिला जीभ दाखवली, तेव्हा ती हसली आणि तिनंही दाखवली. पुढचे दोन दात किडलेले.

*

(माझी लेक जुई कुशीवर वळली. थोपटून आले. दुपारची ही झोप आहे तोवरच काय ते लिहायचं.)

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या ऑफिसात मी ही गोष्ट इरफानला सांगितली. इरफान मुल्ला आणि मी, आम्ही दोघांनी मिळून ही कार्डं उभी केली होती. म्हणजे शेवटी उभी केली दोघांनी. सुरुवातीला आमचं जुळलं नव्हतं.

एक वर्षापूर्वी याच टेबलावर भांडण झालं होतं. डॉक्टर आवटी, ट्रस्टच्या प्रमुख, मधे बसलेल्या. त्यांना या भागातल्या कागदावरच्या लसींचा संताप होता. न दिलेले डोस दिले म्हणून लिहायचे, वरून कुणी आलं की तारखा खाडाखोड करून जुळवायच्या. अशाच एका 'पूर्ण लसीकरण' झालेल्या मुलाला त्यांच्या डोळ्यांसमोर घटसर्प झाला होता. त्यांना खोडता येणार नाही अशी नोंद हवी होती. मी ब्लॉकचेन म्हणत होते, इरफान दुसराच एक प्रकार सुचवत होता.

"दोन्ही प्रकारांत वही एका जागी नसते, मॅडम," इरफान म्हणाला होता. "सगळ्यांकडं तीच प्रत. एवढं सारखं. मी म्हणतो तो प्रकार असा. पाच केंद्रं, पाच वह्या. एकीत लिहिलं की पाचांत उमटतं, त्यामुळं एकट्याला लबाडी जमत नाही. पण वह्या आपल्या कपाटात. बाहेरच्याला दिसत नाहीत. आणि खरंच काही चुकलं, तर पाचही जणांनी सह्या करून ते पान काढता येतं."

"आणि पाचही जणांनी मिळून खोटं केलं तर?" मी विचारलं.

"तर मग आपण पाचही चोर. वरनं ब्लॉकचेन लावून साधू होणार आहोत का?"

आवटी मॅडम हसल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुझी ब्लॉकचेन यापेक्षा वेगळी कशी?"

"तिच्यात पानं एकमेकांत शिवलेली असतात. प्रत्येक गठ्ठ्यावर मागच्या गठ्ठ्याचा ठसा. मधलं एक पान बदललं की पुढचे सगळे ठसे चुकतात, जगाला कळतं. आणि वही कपाटात नाही, चौकात. कुणीही यावं, वाचावं, ताडून बघावं. आपल्यावर विश्वास ठेवा असं सांगायचीच गरज नाही."

"कुणीही?" इरफाननं विचारलं.

"कुणीही. म्हणून तर ती खरी."

"वृषालीताई, गावात सगळ्याच गोष्टी चौकात लावायच्या नसतात."

"लस घेतली यात लपवायचं काय आहे?"

माझ्याकडं आणखी एक मुद्दा होता तो मी बोलले नाही, पण तिघांनाही माहीत होता. पुण्यातल्या देणगीदारांना ब्लॉकचेन हा शब्द आवडत होता. पाच कपाटांसाठी कुणी देणगी देत नाही.

तर त्या सकाळी मी इरफानला सुवर्णाची गोष्ट सांगत होते. नेसत्या वस्त्रानिशी आलेली बाई, आणि क्षणात मिळालेलं मुलीचं अख्खं कार्ड. त्यानं चहा अर्धा ठेवला.

"जुनं कार्ड कुठाय?" त्यानं विचारलं.

"सांगितलं ना, नाही आणलं."

"नाही आणलं म्हणजे कुठं आहे?"

"सासरी असेल."

"त्याच्यावर कोड आहे."

कोड होता. मीच लावला होता, प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात, मोबाईल धरला की सगळ्या नोंदी दिसाव्यात म्हणून. आईला, आजीला, कुणालाही. पासवर्ड नको, अंगठा नको. मला त्याचा केवढा अभिमान होता.

इरफाननं आपल्या मोबाईलवर समृद्धीचा नंबर घातला आणि तो माझ्यासमोर धरला. सगळं स्वच्छ दिसत होतं. नाव कुठंच नव्हतं. तळाशी होतं, पुढचा डोस, मंगळवार, केंद्र कुरुंदवाड.

"त्याला नाव कशाला पाहिजे?" तो हळू म्हणाला. "त्याच्या हातात कार्ड आहे."

"नवी नोंद घालू या. केंद्र बदललं म्हणून. जयसिंगपूर घालू."

"घाल. ही खाली राहील, ती वर येईल. दोन्ही दिसतील. त्याला दोन गावं मिळतील."

"काढता येणार नाही?"

त्यानं मोबाईल खिशात घातला. माझ्या त्या चौकातल्या वहीची आठवण त्यानं काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं.

"आज जा," तो म्हणाला. "तिच्या कामावर जा, समोर बसून सांग. डोस दुसऱ्या केंद्रावर देऊ, नोंद नंतर बघू."

"सोमवारी पुण्याची माणसं येतायत. सगळी तयारी माझ्याकडं आहे. आणि मंगळवारला अजून अवकाश आहे."

"मग फोन कर."

सुवर्णाकडं फोन नव्हता. मी साळवे सिस्टरांना लावला. आवटी मॅडम तेवढ्यात आत येऊन शेजारच्या टेबलाशी बसल्या, पुण्याच्या पाहुण्यांसाठीची चित्रं बघत.

"सिस्टर, कोळेकरांच्या मुलीचा बूस्टर मंगळवारऐवजी गुरुवारी घ्या. तिला निरोप द्याल?"

"का हो? मंगळवारी मी आहेच की."

मॅडमनी एक चित्र उचलून माझ्याकडं बघून मान हलवली. छान आहे, अशी.

"सिस्टिमचं जरा काम आहे," मी म्हणाले.

"तुमची सिस्टिम म्हणजे," सिस्टर म्हणाल्या, "लेकरापेक्षा तिचीच तब्येत जास्त जपावी लागते. बरं, सांगते."

फोन ठेवला. इरफान माझ्याकडंच बघत होता.

"कारण का नाही सांगितलंस?"

"सांगेन. कुरुंदवाडला गेले की सांगेन."

"तिला कारण माहीत पाहिजे, ताई. तारीख नाही."

सोमवार झाला. पाहुणे खूश झाले. त्यांच्यातल्या एकानं स्वतः मोबाईल धरून एका मुलाच्या सगळ्या नोंदी उघडल्या आणि टाळ्या वाजवल्या. मग माझं डोहाळजेवण आलं, सासूबाई साताऱ्याहून आल्या, हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा. कुरुंदवाडला जायचं राहत गेलं. मी स्वतःला सांगायचे, निरोप गेलाय. गुरुवारी तो येणार नाही. आणि त्यानं ते कार्ड उघडून बघितलंच असेल असं कुठं आहे. लसीची कार्डं बाप कधी बघतात?

*

पुढच्या महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी मात्र मला घरात थांबवेना. नवऱ्याला तपासणी आहे म्हणाले आणि जयसिंगपूरवरून एसटीनं कुरुंदवाड गाठलं.

केंद्रावर तीनचार बायका, लेकरं, आणि बाकड्याच्या टोकाला एक माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. मला बघून तो लगेच उठला.

"बसा ताई, बसा. अशा अवस्थेत उभं राहू नये."

मी बसले. त्यानं माठातलं पाणी आणून दिलं. मी प्याले. त्यानं शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढलं, घडी सरळ केली, आणि सिस्टरांना विचारलं, "आमच्या पोरीचा नंबर कधी लागंल?"

"पोरगी कुठाय?"

"येईल की आता. तारीख आजचीच हाय." मग माझ्याकडं वळून, कौतुकानं, "लई चांगली सोय केलीय ओ ट्रस्टनं. मोबाईल धरला की सगळं कळतं. आमच्या आईला सुदीक जमतंय."

कार्डाचा कोपरा घडीवर फाटला होता. कोड शाबूत होता.

मी पेला खाली ठेवला आणि बाहेर आले. गल्ली लांब आणि सरळ. टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, सुवर्णा वळली. हातात समृद्धीचा हात, दुसऱ्या हातात पिशवी. मी हात हलवून 'मागं जा' म्हणत चालू लागले. पळता येत नव्हतं. तिला वाटलं मी बोलावतेय. तीही हसून हात हलवून भरभर यायला लागली.

मी पोहोचले तेव्हा मला दम लागला होता.

"सिस्टरांनी गुरुवारचं सांगितलंतं," ती म्हणाली. "पर गुरुवारी वाडीत पाय ठेवायला जागा नसती, शेठ सोडत न्हाईत. म्हणलं कार्डावर तर आजचीच तारीख हाय. काय अडचण होती का आजची?"

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात समृद्धीचा हात तिच्या हातातून सुटला.

"पप्पा," म्हणत ती माझ्या बाजूनं पळत गेली. तो माणूस केंद्राच्या दारात येऊन उभा होता.

सुवर्णानं लगेच तिकडं नाही पाहिलं. आधी तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्या एका नजरेत तिनं गुरुवारचं कारण ओळखलं. मग तिची नजर माझ्यावरून पुढं गेली आणि ती चालू लागली. पळाली नाही. पिशवी तेवढी दुसऱ्या हातात घेतली.

आत विलास बाकड्यावर बसला होता, समृद्धी त्याच्या मांडीवर. तिच्यासाठी आणलेली बाहुली तिनं आधीच पिशवीतून काढली होती. सिस्टरांना सगळं कळलं होतं. त्यांचा हात टेबलावरच्या फोनवर होता.

"पोलिसांना लावू का ग?" त्यांनी सुवर्णाला विचारलं. त्याच्यासमोर, सरळ.

सुवर्णा मांडीवरच्या मुलीकडं बघत म्हणाली, "नको सिस्टर."

"त्यांना यायचं नसेल तर," मी म्हणाले, "तुम्ही जबरदस्ती करू शकत नाही."

"मी कुठं काय म्हणतोय त्यांना?" विलास शांतपणे म्हणाला. "बघा, तुमच्यासमोर बसलोय. त्यांनी खुशाल ऱ्हावं. मी पोरीला न्यायला आलोय. बाप हाय मी. कार्डावर हाय बघा नाव." त्यानं कार्ड माझ्यापुढं धरलं. "टोचून घ्या सिस्टर. तारीख चुकाय नको."

सिस्टरांनी सुई भरली. त्यांचे हात नेहमीसारखे स्थिर होते, पण ओठ आवळलेले. समृद्धीनं बापाच्या शर्टात तोंड खुपसलं. ती रडली, आणि आईनं पुढं होऊन तिचा दंड चोळला. त्यासाठी तिला नवऱ्याच्या गुडघ्याजवळ खाली बसावं लागलं.

"लिहा की ताई," तो मला म्हणाला. "न्हायतर डोस दिला न्हाई असं व्हायचं."

मी लॅपटॉप उघडला. पाच वर्षांचा बूस्टर. दिला. आजची तारीख. पुढच्या तपासणीचं केंद्र.

"जत," विलास म्हणाला.

मी सुवर्णाकडं पाहिलं. तिनं पदर डोक्यावरून घेऊन तो चिरलेल्या कानाखाली नीट खोचला होता.

"जतच लिहा," ती म्हणाली.

मी लिहिलं. बटण दाबलं.

विलास गाडी वळवून घ्यायला बाहेर गेला. सुवर्णा मागच्या खोलीत गेली. सिस्टर तिला हलक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या, कुणाचा तरी फोन नंबर तिच्याकडून घोकून घेत होत्या. ती आकडे म्हणत होती, मधेच चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती.

पुढच्या खोलीत मी आणि समृद्धी. दंडावर कापूस धरून ती बाकड्यावर पाय हलवत बसली होती. रडून झालं होतं. मांडीवर नवी बाहुली. तिला खरंच आनंद झाला होता, लपवायचं तिला अजून येत नव्हतं. ती माझ्याकडं सरकली, माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर बोट ठेवलं.

"पप्पा मला हुडकत होते?" तिनं विचारलं.

"हो."

"आई म्हणली होती, आपण हितं हाय ते कुणालाच ठाऊक न्हाई." तिनं आतल्या दाराकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज बारीक केला. "मग पप्पांना कुणी सांगितलं?"